'द पॅनिक इन नीडल पार्क': शेवटी हेलन त्याच्याबरोबर का जाते?

मृणाल_इंदूर
काल १९७१ चा हा सिनेमा पाहिला. अल पचिनो 'गॉडफादर'च्या आधीचा. तो बॉबी; तो आणि त्याची प्रेयसी हेलन दोघंही हेरॉइनच्या आहारी गेलेले. शेवटी बॉबी तुरुंगातून सुटतो, आणि ज्या हेलननं त्याला पकडून दिलं तीच बाहेर उभी. तो रागानं पुढे जातो, मग थांबून एकच शब्द विचारतो. ती निघते! ताई म्हणते यात प्रेम कुठलं, नुसती नशेची सोबत. मला नाही पटत. तुम्हाला?

बडोद्याचा_प्रेक्षक
ताईंशी सहमत. पण हेलन झालेल्या किटी विनचं काम बघा, कान चित्रपट महोत्सवात उगाच नाही मिळालं अभिनेत्रीचं पारितोषिक. पार्श्वसंगीत अजिबात नाही, त्यामुळे कधी हळहळायचं हेही कुणी सांगत नाही.

माळव्यातले_काका
मृणाल, माझं लहानपण नीमचचं. परवान्याची अफूची शेती, बोंडांना चिरा मारून सकाळी चीक खरवडायचा, हे सगळं पाहिलेलं. पुढे इंदूरला सुदामानगरात औषधांचं दुकान चालवलं. रात्री शटर ओढायच्या वेळी एक जोडपं यायचं, कोडीनचं, म्हणजे अफूतल्याच नशा आणणाऱ्या द्रव्याचं, खोकल्याचं औषध मागायला. तो स्कूटरवर, ती आत. चिठ्ठीशिवाय देणार नाही म्हटलं की ती हुज्जत घालत नसे. आधी वळून त्याच्याकडे बघायची. ते बघणं मी विसरलेलो नाही.

हेलन पकडून देते ते कधी? बाजारात हेरॉइन आटलंय, आणि तिला अडकवून पोलीस बॉबीला मागताहेत. हेरॉइन मिळालं नाही तर काही तासांतच अंग मोडायला लागतं, उलट्या, जुलाब. दोन-तीन दिवस तर फार वाईट. पोलिसाला हे पक्कं ठाऊक असतं. तेवढ्यावरून तिचं प्रेम खोटं ठरवू नये. आणि सुरुवात आठव: गर्भपातानंतर ती कुडकुडत पडलीय, बॉबी स्वतःचा मफलर देतो, इस्पितळात भेटायला जातो. तेव्हा तिनं सुई हातातही घेतलेली नाही.

मृणाल_इंदूर
काका, मग बोटीवरच्या पिल्लाचं काय? नव्या आयुष्याची बोलणी करत कुत्र्याचं पिल्लू आणलं, आणि नशा करायला दोघं संडासात शिरले. पिल्लू पाण्यात पडलं. जे पिल्लाला सांभाळू शकत नाहीत ते एकमेकांना काय सांभाळणार?

माळव्यातले_काका
सांभाळू शकत नाहीत, हे खरंच आहे. पण पिल्लू दाराबाहेर ठेवतो बॉबी, त्याच्यामागे धावते हेलन. मी बोलतोय ते तिच्या बाजूनं. बॉबीची ग्वाही मी देणार नाही.