मोठ्या आतड्यातल्या सिग्मॉइडच्या (गुदाशयाआधीच्या भागाच्या) गाठीपुढे स्कोप (कोलोनोस्कोपीची दुर्बीण) गेला नाही. दुसरी गाठ कशी शोधायची?

प्रश्न: सिग्मॉइडमध्ये ग्रोथ, बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कॅन्सर). आतडं अरुंद झाल्याने स्कोप पुढे सरकला नाही. सीटीत आणखी काही दिसत नाही. एवढ्यावर ऑपरेशनला घ्यावं का?

गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी: साध्या सीटीवर विसंबू नका. तो लिव्हर आणि लिम्फ नोड्ससाठी. न फुगवलेल्या आतड्यातली छोटी गाठ त्यात सहज सुटते. एकाच वेळी दुसरा कॅन्सर साधारण 3 ते 5 टक्के रुग्णांत सापडतो, पॉलिप (आतल्या अस्तरावरची छोटी वाढ) तर कितीतरी जास्त जणांत. सीटी कोलोनोग्राफी (मोठं आतडं फुगवून केलेला सीटी) करून घ्या. पूर्ण ऑब्स्ट्रक्शन (अडथळा) किंवा परफोरेशनची (आतड्याला भोक पडल्याची) शंका असेल तर मात्र नको, आणि अशा रुग्णाला पेगचं (पोट साफ करण्याचं) द्रावण नेहमीसारखं भराभर तर अजिबात पाजू नका. गाठीमागे आतडं तुंबून फुटू शकतं.

रेडिओलॉजी: अडथळ्यामागे मळ साचलेला असतो, तोच गाठीसारखा दिसतो. म्हणून तोंडावाटे आयोडीनचं टॅगिंग (मळ स्कॅनवर ओळखू यावा म्हणून दिलेलं औषध), मग कार्बन डायऑक्साइडने आतडं फुगवून उताणं आणि पालथं असे दोन्ही स्कॅन. मळ जागा बदलतो आणि टॅगिंगने पांढरा दिसतो. गाठ जागची हलत नाही आणि शिरेतल्या कॉन्ट्रास्टने उजळते. 6 मिमीच्या आतल्या आणि चपट्या गाठी यातही निसटतात.

सर्जरी: हे आधी कळणं का महत्त्वाचं? सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) दुसरी गाठ निघाली तर नुसतं सिग्मॉइड काढून भागत नाही. दोन वेगळी रिसेक्शन्स (आतड्याचे दोन तुकडे काढणं) की सबटोटल कोलेक्टॉमी (जवळजवळ सगळं मोठं आतडं काढणं), हे ठरवावं लागतं. टेबलावर हाताने चाचपून लहान गाठ लागत नाही, लॅपरोस्कोपीत तर तेही नाही. ऑपरेशनात जागा सापडावी म्हणून गाठीच्या गुदद्वाराकडच्या बाजूला टॅटू (शाईची खूण) करून घ्या: आधी सलाइनचा फुगा, मग त्यात शाई, घेराच्या दोन-तीन जागी. शाई थेट टोचली तर भिंतीपार पोटात पसरते आणि खूण कुठली तेच कळत नाही. कुठल्या बाजूला टोचली ते रिपोर्टात लिहायला लावा, नाहीतर मार्जिन (गाठीपासून कापायचं अंतर) चुकतं.

कोलोनोग्राफी जमलीच नाही, तर ऑपरेशननंतर 3 ते 6 महिन्यांत पूर्ण कोलोनोस्कोपी. ही तारीख डिस्चार्ज कार्डावरच टाका. केमोच्या धांदलीत नेमकी हीच राहून जाते.

पॅथॉलॉजी: दोन गाठी निघाल्या तर दोन्हींवर एमएमआर आयएचसी (डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं पेशीत आहेत का हे पाहणारी तपासणी) मागा: एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6. एकीत प्रथिनं शाबूत आणि दुसरीत गायब, असं होतं. एमएलएच1 गायब असेल तर लिंच सिंड्रोमचं (आनुवंशिक कॅन्सरप्रवणतेचं) निदान करण्याआधी बीआरएएफ जनुकातला बदल किंवा प्रमोटर मेथिलेशन (एमएलएच1 जनुक रासायनिक बदलाने बंद पडणं) तपासा.