मदत हवी आहे: केंटमधल्या जुन्या मॅनर हाऊसचा मधला मजला काढावा का?

तुळईकर

नमस्कार मंडळी. केंटमधल्या लाकडी सांगाड्याच्या एका मॅनर हाऊसचा पाहणी अहवाल द्यायचा आहे. वास्तू ग्रेड दोन स्टारच्या (वरून दुसऱ्या दर्जाच्या) संरक्षित वारसा वास्तूंच्या सरकारी यादीत आहे. जहागिरदाराचं हे घर पुढे कुळाकडे गेलं आणि फार्महाऊस झालं. आज आत दोन मजले, मधोमध विटांचं भलंमोठं धुराडं आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे. माळ्यावरचे वासे काळेकुट्ट आहेत. वर चालायला वाट हवी म्हणून एक आडवी तुळई मध्येच कापली आहे. दुसऱ्या एका तुळईच्या पोटाला पत्त्यातल्या चौकटसारख्या खाचा ओळीने आहेत. उत्तरेच्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल आहे.

मालकांना मधला मजला काढून मूळचं उंच दालन मोकळं करायचं आहे. ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या अशाच जुन्या घरात वास्तुविशारद लुटियन्सने हेच केलं, मग इथे काय अडचण, असं ते विचारतात. खाचा कसल्या, मजला काढता येईल का, आणि ओलीचं काय करायचं?

ओकखुंटी

आधी खाचा. चौकटच्या आकाराच्या खाचा म्हणजे बिनकाचेची खिडकी. त्यांत ओकचे चौकोनी गज कोन पुढे करून बसवलेले असत. शेजारी सरकत्या फळीची खोबण आहे का बघा, तीच खिडकीची झडप. पण त्याच ओळीत पुढे जवळजवळ गोल भोकं आणि खालच्या तुळईला सलग खोबण दिसली, तर तिथे खिडकी नव्हती, कूड होता: वरच्या भोकात काठीचं टोक घालायचं, खालचं टोक खोबणीत सरकवायचं, मग विणून मातीने लिंपायचं. तुळईच्या पोटाला बॅटरी आडवी धरा, म्हणजे बुजवलेल्या खाचाही सावलीत उठून दिसतात. एवढ्यावरून भिंत कुठे होती आणि खिडकी कुठे, हे कागदावर मांडता येतं.

काळे वासे म्हणजे दालनाच्या मधोमध उघडी चूल होती आणि धूर छपरातून जात होता. मात्र काजळी नीट वाचा. कुसवाच्या (दुसऱ्या लाकडाचं टोक बसवायच्या) रिकाम्या खाचेतसुद्धा काजळी असेल, तर तो वासा दुसऱ्या घरातून आणलेला असू शकतो. कैचीतल्या (छपराच्या तिकोनी सांगाड्यातल्या) कुडाची एक बाजू काळी आणि दुसरी स्वच्छ असेल, तर दालन तिथे संपत होतं. सांध्यांवर सुतारांचे रोमन आकडे कोरलेले असतात, चार बहुधा चार उभ्या रेघांनी. ते क्रमाने लागले तर सांगाडा मूळचा समजायला हरकत नाही. मालकांना एक निक्षून सांगा: वाळूचा फवारा मारून लाकूड ‘साफ’ करायचं नाही. काजळी, आकडे आणि तासणीच्या खुणा तिघंही एका दुपारीत नाहीसे होतात आणि परत येत नाहीत.

माजघर

मजल्याबद्दल. डिक्स्टरचं घर नॅथनियल लॉईड यांनी १९१० मध्ये घेतलं, तेव्हा आजची यादी आणि परवानगीची व्यवस्था नव्हती. ती १९४७ च्या नियोजन कायद्यानंतर उभी राहिली. आता १९९० च्या कायद्याप्रमाणे यादीतल्या घराचं स्वरूप बदलणारं आतलं कामही परवानगीशिवाय केलं तर गुन्हा ठरतो.

पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत नाही असंच आहे. आग्नेय इंग्लंडमध्ये अशी दालनं बहुतेक १६व्या शतकात विटांची धुराडी आल्यावर मजल्यांत विभागली गेली. तो मजला म्हणजे वास्तूच्या आयुष्यातली चारशे वर्षं. फार्महाऊस म्हणून वापर चालू राहिला म्हणून छपराची डागडुजी होत राहिली. नंतरची भर म्हणून तो फेकून देणं मला अजिबात पटत नाही.

शिवाय तुम्ही स्वतःच लिहिलंय की एक तुळई कापली आहे. ती दोन्ही भिंतींना बांधून ठेवणारी तुळई असेल, तर वाशांचा रेटा भिंती बाहेर ढकलतो, आणि आज त्यांना धरून ठेवणारं लाकूड कदाचित मजल्याचंच असेल. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडा आणि दोन-दोन मीटरवर झुकाव मोजा. कापलेल्या जागी झुकाव जास्त भरला तर मजल्याला हातही लावू नका. भिंत जॅकने सरळ करण्याच्या भानगडीतही पडू नका, जुने सांधे तडकतात. जोडकामाला लोखंडी पट्टी नको, स्टेनलेस स्टील घ्या. ओकमधलं आम्ल लोखंड खातं आणि लाकडावर निळे-काळे डाग पडतात.

चुनेगच्ची

ओलीचं कारण बहुधा सिमेंटच. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही. केसाएवढ्या चिरेतून पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तळची तुळई कुजते. आपल्याकडच्या वाड्यांच्या भिंतींना सिमेंट फासल्यावर जे होतं तेच.

ओल मोजायच्या सुयांच्या मीटरवर विटांच्या बाबतीत विसंबू नका, क्षारांमुळे आकडा फुगतो. लाकडात २० टक्क्यांच्या वर गेला तर मात्र काळजी करा. तळच्या तुळईत आर (टोकदार टोचा) टोचून बघा; सहज २५ मिलिमीटर गेली तर तेवढा भाग कापून नवा ओक सांधावा लागेल. बाहेरची माती आतल्या फरशीच्या निदान १५० मिलिमीटर खाली न्या आणि पन्हळी दुरुस्त करा. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मी ओल जाते.

गिलावा काढायलाही परवानगी लागेल. ती मिळाल्यावर आधी एक चौरस मीटर हातोडी-छिन्नीने काढून बघा. ग्राइंडर नको. विटेचा पापुद्रा निघू लागला तर थांबा. नव्या लेपाला मुरवलेला चुना १, चरचरीत वाळू ३ आणि थोडे जनावरांचे केस. एक थर १० मिलिमीटरपेक्षा जाड नको. आठवडाभर ओलं गोणपाट टांगून ठेवा. ५ अंशांखाली तापमान जाणार असेल तर काम सुरूच करू नका. थंडीत चुना गोठून भुगा होतो. वरून सफेदीचे चार-पाच पातळ हात. ‘लवकर घट्ट व्हावा’ म्हणून गवंडी मूठभर सिमेंट टाकायला बघतात, तिथे उभं राहून अडवा.

तुळईकर

मनापासून आभार. ओळंबा आणि आर पुढच्या भेटीत नेतो. तळच्या तुळईत तीन मिलिमीटरची गोल भोकं आहेत. सरसकट औषध फवारावं का?

ओकखुंटी

नको. तो डेथवॉच भुंगा, ओल्या ओकवर जगतो. हिवाळ्यात भोकांवर पातळ कागद चिकटवा आणि जूनअखेर बघा. कागदाला नवी भोकं पडली तरच किडा जिवंत आहे. तसं असलं तरी पहिला इलाज लाकूड वाळवणं. आणि माळ्यावर वटवाघळं असतील तर छपराला हात लावण्याआधी त्यांची वेगळी पाहणी करून घ्या, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.