मटकीला शेपूट
लहान मुलांकडून फ्लॅशकार्डांवरून (चित्र-शब्दांच्या कार्डांवरून) शब्द पाठ करून घ्यावेत का, या प्रश्नावर थोडी भर. साडेतीन वर्षांच्या नातीसोबत मटकी भिजत घातली, त्यात मुद्दाम एक खडाही टाकला. सकाळी दाणे टम्म फुगलेले. फडक्यात बांधले, दुसऱ्या दिवशी मोड. "आजी, शेपूट आलं!" मी "हो, याला मोड म्हणतात" एवढंच म्हटलं, तिचा "शेपूट" हा शब्द खोडून काढला नाही. मग टरफल, कोंब, मूळ हे शब्द तिनेच मागून घेतले. खडा "फुगलाच नाही" हे मात्र घरात प्रत्येकाला सांगून झालं! बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबडला परिसरातल्या साध्या वस्तू वापरून बालवाडी चालवली. आमची कार्डं? रंगीत आहेत, कपाटात आहेत. काल नात विचारत होती, साखर पाण्यात विरघळते तर वाळू का नाही?