मदत हवी आहे: डोमिसाइलचा (राज्यातल्या रहिवासाच्या दाखल्याचा) अर्ज दोनदा परत आला, इंजिनिअरिंगच्या कॅपला (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेला) चार दिवस उरलेत

वारजे_बारावी: सीईटीला ९१ पर्सेंटाइल आहेत, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवंय. ई-सेवा केंद्रातून डोमिसाइलचा अर्ज दोनदा परत आला, 'पुरावा अपुरा' एवढंच. पप्पा बांधकामावर, आई चार घरची कामं करते. दोघांनाही फॉर्म वाचता येत नाही, बारावी झालेली घरात मीच पहिली. पहिलीपासून पुण्यात शिकलेय, अजून कसला पुरावा हवाय? लवकर सांगा प्लीज.

कर्वेनगरकर: जोडलंस काय काय? आणि जन्म कुठला? दहावी-बारावी इथली आणि जन्म महाराष्ट्रातला असेल तर इंजिनिअरिंगच्या कॅपला डोमिसाइल लागतच नाही. शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ बघ.

वारजे_बारावी: जन्मस्थळ यादगीर, कर्नाटकातलं. आम्ही मूळचे तिकडचे. आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, मी दोन महिन्यांची असताना मला घेऊन परत आली. शाळेचं बोनाफाइड आणि आधार जोडलंय.

कर्वेनगरकर: मग अडलंय तिथेच. पंधरा वर्षांचं सलग वास्तव्य दाखवावं लागतं. पहिली ते बारावी म्हणजे बाराच होतात, त्याआधीची तीन कुठेत?

निवृत्त_मास्तर: बाळ, इंजिनिअरिंगचा अट्टहास कशाला? चांगल्या कॉलेजात बीएस्सी कर. विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका'मध्ये काम कर. माझे कितीतरी विद्यार्थी असेच उभे राहिले. विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचंही बघ.

सिंहगडरोड_आई: सर, ती पुण्यातच राहते, वसतिगृह कशाला? तिनं डोमिसाइल विचारलंय.

निवृत्त_मास्तर: मुलांना पर्याय कुणी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

हडपसर७७: वडिलांचा जातीचा दाखला असेल तर तो लाव, फी माफ होते.

वारजे_बारावी: आहे. एससी, कर्नाटकातला.

कर्वेनगरकर: हडपसर, चुकीचं सांगू नका. इथल्या आरक्षणासाठी एससी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पासून महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो. परराज्यातल्या दाखल्यावर इथली राखीव जागा मिळत नाही. ताई, कॅपमध्ये ओपन भर. नाहीतर तपासणीत कॅटेगरी जाईल आणि ऐनवेळी धावपळ होईल. केंद्र सरकारच्या संस्थांमधल्या आरक्षणासाठी मात्र तुझ्या नावाचा दाखला काढताना वडिलांचा लागेल, तो जपून ठेव.

हडपसर७७: माझ्या शेजाऱ्याला मिळालं होतं.

कर्वेनगरकर: शेजारी सोलापूरचा असेल तर मिळणारच. ही यादगीरची आहे.

सिंहगडरोड_आई: फीसाठी टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची योजना, बघ गं. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, जात बघत नाहीत. शिक्षण शुल्क माफ होतं, बाकीचं भरावं लागतं. कॉलेजांची पसंती भरायच्या ऑप्शन फॉर्ममध्ये त्या जागांचे कोड वेगळे असतात, शेवटी टी असतो. माझ्या लेकीनं टीचे कोड भरलेच नव्हते. वर्षभर फी भरताना रोज आठवायचं.

हडपसर७७: एजंटला दोन हजार दिले की डोमिसाइल दोन दिवसांत हातात.

सिंहगडरोड_आई: त्या घराला दोन हजार म्हणजे काय हे कळतंय का तुम्हाला? ताई, पैसे कुणाला देऊ नकोस. धाकटं भावंड इथे जन्मलंय का? आम्ही त्याचा जन्मदाखला जोडला होता, चालला. बालवाडी, लसीचं कार्ड, जुना भाडेकरार, रेशनकार्ड, जे असेल ते शोध.

वारजे_बारावी: भाऊ इथेच जन्मलाय, नववीत आहे. आईनं त्याचा जन्मदाखला पत्र्याच्या पेटीत ठेवलाय. बालवाडीच्या बाई अजून त्याच गल्लीत राहतात, संध्याकाळी जाते. रेशनकार्डही आहे, पण त्यावर पप्पांच्या नावात एक काना जास्त आहे. चालेल?

कर्वेनगरकर: दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र कर. वडिलांना सोबत ने, सही नाहीतर अंगठा लागेल.

वारजे_बारावी: पप्पांचा उद्याचा रोज बुडेल, पण येतो म्हणालेत. उत्पन्नाचा दाखला त्याच फेरीत मागू ना?

सिंहगडरोड_आई: हो, माग. तहसीलदारांचाच लागतो. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही ने. केंद्र उघडायच्या आधी पोच, आणि पावती घेतल्याशिवाय परत फिरू नकोस.