सुती सतरंजीला मांजराच्या मुताचा वास

प्रश्न: सोलापुरी सुती सतरंजी आहे, लाल-हिरवी. डाग २ दिवसांचा. साबणाने धुतली, वास गेला. पण शेजारची फरशी ओल्याने पुसली की परत येतो. काय करू?

– मुतातल्या युरिक ॲसिडचे स्फटिक साबणपाण्यात नीट विरघळत नाहीत, ओल लागली की वास पुन्हा सुटतो. एन्झाइमवालं, म्हणजे मुतातले घटक मोडून टाकणारं, क्लीनर आणा. डागाच्या कडेने चार बोटं जास्त भिजवा, कारण मूत खालून पसरतं. वर ओलं फडकं घालून काही तास सावलीतच ठेवा. आपल्याकडच्या उन्हात ते लगेच सुकतं आणि एन्झाइमचं काम अर्धवट राहतं. मग गार पाण्यात खळबळून, उलटी करून वाळवा.

– त्याआधी रंग बघा हो! कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं मिनिटभर दाबा. लाल उतरला तर भिजत घालू नका, फक्त टिपा. ब्रशने घासलंत तर सूत पिंजून निघेल.

– ब्लीच अजिबात नको, मुतातल्या अमोनियाबरोबर विषारी वायू तयार होतो. फिनाईलही मांजरांना घातक. आणि सतरंजीखालची फरशी विसरू नका, सांध्यांत मुरलेलं तसंच राहतं.