सासरच्या दगडी वाड्यात मला झोप येत नाही

पांढरी (प्रश्न)

मी मूळची किल्लारीजवळच्या एका गावची, तेरणेच्या काठची. सासर वाईचं. तिथं सासऱ्यांच्या आजोबांपासूनचा दुचौकी वाडा आहे. आजवर आम्ही पुण्याला होतो, सणावारालाच वाईला जायचो. मार्चमध्ये सासरे गेले. सासूबाई एकट्या पडल्या, त्यांना फ्लॅट मानवत नाही आणि नवऱ्याचं काम घरून चालतं, म्हणून जूनमध्ये मुलीची शाळा बदलून आम्ही वाईत राहायला आलो. हे मलाही हवं होतं, कुणी माझ्यावर लादलेलं नाही.

वाड्यात जो येतो तो म्हणतो, किती शांत वाटतं इथं. खरंच आहे ते. भर उन्हात माजघरात पाऊल टाकलं की अंग निवतं. मुलीने दोन कोनाडे बळकावून त्यात तिचा संसार मांडलाय. मला मात्र त्या माजघरात झोप लागत नाही. वीसेक मिनिटं डोळा लागतो, मग दचकून जाग येते आणि हात आपोआप भिंतीवर जातो. ती हलतेय का बघायला.

१९९३ साली मी नऊ वर्षांची होते. अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बुडवून यायला उशीर झाला, आम्ही लेकरं गुलालासकट झोपलो. आजीने फक्त पाय धुवायला लावले, तोंड सकाळी धू म्हणाली. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. मी खांबाच्या बुडाशी झोपले होते, खांब-तुळयांचा खण उभा राहिला म्हणून वाचले. आजी आणि धाकटा भाऊ भिंतीच्या अंगाला होते. चुलत्याने मला हातांनी उकरून काढलं. तोंडात, नाकात, कानात नुसती पांढरी.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पिकाची जमीन ती काळी आणि गाव बसतं ती पांढरी. भिंतीत दगड बसवायला तीच माती आणि माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, घालायलाही तीच. पाऊस तोंडावर आला की गळू नये म्हणून वर आणखी एक थर. वडिलांनी घातला, आजोबांनी घातला, त्यांच्याही वडिलांनी घातला. उन्हाळ्यात आम्ही त्या माळवदावरच झोपायचो. सवण्याला, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या भोकाला, तोंड लावून खाली चुलीपाशी बसलेल्या आईला हाका मारायचो. त्या घराची मला कधीच भीती वाटली नव्हती. जगात त्याच्याइतकं पक्कं काही नाही असंच वाटायचं.

वाईत पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री माजघराच्या भिंतीला ओल आली आणि दगडांच्या सांधीतून ओल्या मातीचा वास आला. लोक ज्याला मृद्गंध म्हणतात तो हा नव्हे. बंद, जुन्या, कधी ऊन न लागलेल्या मातीचा. मी उठून चौकात जाऊन उभी राहिले, भिजले, नवऱ्याने आत आणलं.

दुसरी गोष्ट कडीपाटाची, म्हणजे कड्या-फळ्यांच्या लाकडी छताची. वर मांजर पळालं की फळ्यांच्या फटीतून चिमूटभर माती गळते. तिचा आवाज होतो, अगदी बारीक, सुर्र असा. घरात तो दुसऱ्या कुणालाही ऐकू येत नाही.

आणि गाढ झोप कुठे लागते सांगू? मागच्या अंगणात न्हाणीघराला लागून पत्र्याची पडवी आहे. तिथे सरपण, जुन्या कुंड्या, एक मोडकी सायकल. दुपारी तिथल्या बाजेवर टेकले की दोन तास जाग नाही. वर पाऊस वाजत असेल तर आणखीच. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं काढली. उन्हाळ्यात भाजून निघायचो, थंडीत काकडायचो. बघायला येणाऱ्या पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. पण आई रात्री वर बघून म्हणायची, "पडला तर पडू दे, पत्राच हाय." आणि आम्ही झोपायचो.

सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. आजी आणि भाऊ गेले एवढंच त्या जाणतात. त्यांनी माजघरातली स्वतःची जागा आम्हाला दिलीय, शिसवी पलंगासकट. त्यांचं सगळं आयुष्य त्या खोलीत गेलं. तिथून उठून मी सरपणाच्या पडवीत झोपते म्हटलं तर त्यांना काय वाटेल? नवरा म्हणतो, पाडून नवं बांधू. ते मला अजिबात नको. आणखी एका वाड्याचा ढिगारा मला बघायचा नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारते. बांधकामातल्या जाणकारांनी सांगावं, वाईची भिंत आणि आमच्याकडची भिंत एकच असते का? आणि ज्यांना एखाद्या घराशी असं नव्याने जुळवून घ्यावं लागलं, त्यांनी ते कसं केलं? "मन शांत ठेवा" असं कृपया लिहू नका. समुपदेशकांकडे वर्षभर जाऊन आले आहे. त्याचा उपयोग झाला, म्हणून तर हे लिहिता येतंय.

ओळंबा

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, तुमच्या भागातली घरंही पाहिली आहेत.

किल्लारीकडची भिंत दिसायला एक असली तरी आतून दोन असतात. बाहेरून एक थर, आतून एक थर, दोन्ही ओबडधोबड गोलसर दगडांचे, आणि मधल्या पोटात माती आणि बारीक दगडांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड, गवंडी ज्याला हेडर म्हणतात, तो बहुतेक घरांत नव्हताच. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंत पोट काढते आणि दोन्हीकडे ढासळते. त्यात डोक्यावर माळवद. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती धरली तरी साडेचार टनांच्या आसपास वजन होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेलेल्या घरांवर ती दोन-दोन फुटांची असायची. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पुष्कळ ठिकाणी उभा राहिला, भिंती गेल्या. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

वाईकडच्या वाड्यांत साधारणपणे जोतं घडीव दगडाचं, वर विटा, आणि दर्जा वाडा कुणी बांधला त्यावर. काही ठिकाणी चुना, काही ठिकाणी निव्वळ माती, वरच्या मजल्यावर भेंड्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटाही सापडतात. त्यामुळे "वाईची भिंत चांगली" असं मी न बघता म्हणणार नाही. तुमच्या माजघराची भिंत आतून दगडी दिसते, तेव्हा ती तपासाच. सांध्यात खिळा घालून बघा, माती असेल तर भुगा पडेल, चुना असेल तर खिळा अडेल. लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने मांडा. भिंतीने पोट काढलंय का ते ओळंब्याने कळेल.

उपाय आहेत आणि पाडण्याची गरज बहुधा पडणार नाही. हाताने, धक्का न देता, एकेक दगड काढून आरपार भोक करायचं, त्यात वाकवलेली सळी घालून काँक्रीट भरायचं. आडवं १.२ मीटरपेक्षा जास्त नाही आणि उभं ६० सेंटिमीटरवर एक, असं अंतर ठेवतात. कोपरे जाळीने बांधायचे. आणि कडीपाटावर जी माती आहे ती आधी उतरवायची. तुम्हाला ऐकू येणारा तो आवाज खरा आहे. वर माती आहे म्हणूनच ती गळतेय.

कोयनाकाठ

मी पाटण तालुक्यातला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा माझे वडील सात वर्षांचे होते. आजी पुढे कित्येक महिने अंगणातल्या खोपीत निजायची, घरात फक्त स्वयंपाकाला जायची. पण आमच्याकडे नंतर हादरे थांबलेच नाहीत, आजही बसतात. मांडणीवरची भांडी किणकिणली की आई चहाचं आधण न उतरवता म्हणते, "लहान होता." त्या किणकिणण्यावरून आम्हाला लहान-मोठा कळतो. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा पहिलं वर्षभर काहीच हलत नाही याचंच मला चमत्कारिक वाटायचं. तुमच्याकडे एकदाच आला आणि सगळं घेऊन गेला. ओळख व्हायला वेळच मिळाला नाही, असं तुमचं वाचून वाटलं. चूक असेन तर माफ करा.

तेरणातीर

बाई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. मी त्याच बाजूचा, निवृत्त शिक्षक. तेव्हा पस्तिशीत होतो. माणसं किती गेली ते लिहीत नाही.

पत्र्याचं तुम्ही लिहिलं ते शंभर टक्के खरं आहे. नंतर बावन्न गावं नव्या जागी बसवली. पक्की घरं मिळाली, जमिनीच्या मानानं २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांची. देणाऱ्यांचे उपकार आहेत, ते विसरणार नाही. पण पहिली कित्येक वर्षं आमच्याकडं माणसं त्या पक्क्या घरात सामान ठेवायची आणि स्वतः पुढं पत्रा टाकून त्याखाली झोपायची. पाहुणा विचारायचा, एवढं चांगलं घर असताना हे काय? काय सांगणार त्याला.

आणि खरं सांगू का, नव्या घराची भीती नव्हतीच. सिमेंटचं घर पडणार नाही हे डोक्याला पटलं होतं. करमत नव्हतं ते वेगळ्याच कारणानं. सरळ आखलेले रुंद रस्ते, सगळी घरं एकसारखी. घर जमिनीच्या हिशोबानं मिळालं, म्हणून जे भाऊ-भाऊ एका बोळात राहायचे ते गावाच्या दोन टोकांना गेले. जुन्या गावात ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या ओसरीत, बसलं की येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आवाजाच्या अंतरावर. इथं रस्त्यापलीकडच्याला हाक मारायची तर ओरडावं लागायचं. माझी आई म्हणायची, "हितं वारा लई हाय, पर माणूस न्हाई." दार उघडलं की सगळा रस्ता आत दिसतो म्हणून बायकांनी आधी तुराट्यांचे कूड घातले. मग कुणी ओटा बांधला, कुणी लिंब लावला, कुणी दोन घरांच्या मधी पत्रा टाकला. दहा-बारा वर्षांनी त्या लिंबाखाली माणसं बसायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा गावात आल्यासारखं वाटलं.

जुन्या जागेवर मी दर वर्षी ३० सप्टेंबरला जातो. बोरी-बाभळी माजल्यात. आमच्या घराचा उंबरा अजून दिसतो. तिथं बसलो की जिवाला बरं वाटतं. जिथं सगळं गेलं तिथंच बरं वाटतं, याचा उलगडा मला झालेला नाही आणि मी तो शोधतही नाही.

सासूबाईंपासून लपवू नका. त्यांना वाटेल, सुनेला आपलं घर आवडत नाही. ते जास्त वाईट. मालक गेलेल्या बाईला रात्री झोप कुठली? त्याही जाग्याच असतील.

पांढरी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोयनाकाठ, तुम्ही चूक नाही.

तेरणातीर सर, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं त्याच रात्री मी उठले आणि सासूबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या अंथरुणावर बसून होत्या, दिवा न लावता. म्हणाल्या, "तूही का?" मग मी सगळं सांगितलं. गुलाल, खांब, आजीने पाय धुवायला लावले ते. भावाचं नाव या घरात मी पहिल्यांदा घेतलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना या माजघरात गुदमरायचं, खिडकी नाही म्हणून. त्यांच्या सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. पहिल्या बाळंतपणानंतर कधीतरी सवय झाली, कशी ते त्यांनाही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून पडवीतलं सरपण हलवून घेतलं. आता मी तिथेच झोपते. मुलगीही माझ्याजवळ येते, तिला पत्र्यावरचा पाऊस आवडतो. नवरा माजघरात. सासूबाई कधी इथे, कधी तिथे. शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला तिथं बरं वाटतं." एवढंच.

माजघर मी सोडलेलं नाही. दुपारी दार उघडं टाकून तिथे भाजी निवडायला बसते, आधी दहा मिनिटं बसायचे, आता अर्धा तास बसते. वासाचं अजून जमलेलं नाही. पाऊस असला की जात नाही.

ओळंबा, माती उतरवायचं दिवाळीनंतर ठरतंय. भर पावसात कौलं काढायला नको असं सुतारांचं म्हणणं. तोवर तुम्ही सांगितलं तसं बघितलं. पुढच्या भिंतीत खिळा अडला, तिथे चुना आहे. माजघराच्या मागच्या भिंतीत मात्र बोटभर आत गेला आणि भुगा पडला. भुगा मी हातात घेऊन बघितला, तांबूस आहे, पांढरा नाही. ठोकल्यावर दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, एक कोनाड्याच्या खाली आणि एक पलंगाच्या डोक्याशी. दोन्हीकडे खडूने खूण केली आहे. पलंग तिथून आजच हलवला. फोटो उद्या उजेडात काढून टाकते. भिंतीची जाडी मोजायची तर दाराच्या चौकटीपाशी मोजू का, की कोनाड्यातून?