विषय: ऑगस्टअखेर कॅथीड्रल लेक्स, स्लीपिंग बॅग कुठली घेऊ?

सनीव्हेलहून

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या शेवटच्या वीकेंडला योसेमिटी नॅशनल पार्कात कॅथीड्रल लेक्सला जे नऊजण चाललेत त्यात मी पण आहे (हो, पॉटलकला मसालेभात करपवणारी तीच). प्रश्न स्लीपिंग बॅगचा आहे. माझ्याकडे एक आहे, पुण्यात असताना घेतलेली, हरिश्चंद्रगड दोनदा आणि राजमाची एकदा, सिंथेटिक. काल वजन केलं तर जवळजवळ दोन किलो भरली आणि बेअर कॅनिस्टर (अस्वलापासून खाणं वाचवायचा डबा) टाकल्यावर ती सॅकमध्ये बसतच नाही, वरून बांधली तर मी मेथीची जुडी घेऊन चालल्यासारखी दिसते.

म्हणून दुकानात गेले. तिथल्या मुलाने तीन डाऊनच्या (पक्ष्यांची मऊ लव भरलेल्या) दाखवल्या, तिन्हींवर ३० डिग्री फॅरनहाइट लिहिलेलं, पण एक ६५० फिल आणि एक ८५० फिल, आणि किमतीत दुपटीचा फरक. मी विचारलं ८५० वाली जास्त गरम का, तर म्हणे हो. मला काही पटलं नाही. एक किलोच्या आत हवी, बजेट तीनशे डॉलर. आणि मला थंडी भयंकर वाजते, ऑफिसात जूनमध्ये शाल घेऊन बसते.

फ्रीमाँटहून

अगं नाही पटलं तेच बरं झालं, तो चुकीचं सांगत होता. फिल पॉवर म्हणजे एक औंस डाऊन नळकांड्यात मोकळं सोडलं की किती घन इंच फुगतं तो आकडा, बस. पूर्वी पिंजारी यायचा ना दारावर, त्याने नीट पिंजलेला कापूस आणि गादीत दहा वर्षं दबलेला कापूस, वजन तेच पण ढीग केवढा वेगळा, तसंच हे. ऊब असते ती त्या फुगलेल्या थरात अडकलेल्या हवेची. म्हणजे ३० ची बॅग ३० चीच, ८५० फिल असेल तर तेवढीच ऊब कमी वजनात मिळते आणि गुंडाळल्यावर लहान होते, पैसे त्याचे. ८५० फिल लिहून आत डाऊनच कमी भरलेलं असेल तर काय उपयोग, म्हणून आत किती औंस भरलंय ते बघायचं, ते आतल्या टॅगवर किंवा वेबसाइटवर खाली बारीक अक्षरात असतं.

आता ते ३० म्हणजे कोणाचे ३० हा खरा प्रश्न. युरोपात २००२ पासून यासाठी एक स्टँडर्ड आहे, ईएन १३५३७, त्याचंच पुढे आयएसओ २३५३७ झालं. हीटर आणि सेन्सर लावलेला पुतळा थर्मल घालून, मॅटवर, बॅगेत झोपवतात आणि त्यातून आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे बाई हातपाय सैल सोडून आरामात झोपेल ते तापमान. लिमिट म्हणजे पुरुष मुटकुळं करून कशीबशी रात्र काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे मरणार नाहीस एवढंच, तो आकडा वाचूच नकोस. बॅगच्या नावात बऱ्याचदा लिमिटचा आकडा असतो. ३० लिमिटच्या बॅगेचा कम्फर्ट चाळिशीच्या आसपास असतो आणि तू ऑफिसात शाल घेणारी.

मला हे सगळं कसं कळलं ते सांगतो. आपण उतरणार तेच खालचं लेक, सव्वानऊ हजार फुटांच्या वर, पंधराएक वर्षं झाली. नवीकोरी ३० ची बॅग, सेलमधली, फार खूश होतो. तंबू पाण्यापासून शंभर फूट लांब लावायचा नियम आहे, मी पावलं मोजून बरोब्बर शंभरावर लावला, सकाळी चहाचं पाणी जवळ पडेल म्हणून. गार हवा जड असते, रात्री उतारावरून खाली वाहत येते आणि खोलगट भागात साचते, हे शाळेत शिकलो होतो पण तिथे आठवलं नाही. खाली आमच्या हिची योगा मॅट. रात्री दोनला जाग आली, ज्या कुशीवर वळेन ती कूस गार, जसा बर्फाच्या लादीवर झोपलोय. असेल नसेल ते सगळं अंगावर चढवलं, पायमोजे हातात घातले, मग पाढे म्हणायला लागलो. एकोणतीसच्या पाढ्यात सातव्यांदा चुकलो तेव्हा उजाडायला लागलं. बाटलीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. आणि बॅगचा पायाकडचा भाग रात्रभर तंबूच्या भिंतीला टेकून ओला झालेला, वरून चाचपलं तर आत डाऊनचे डिंकाच्या लाडवासारखे गोळे.

बॅग वाईट नव्हती गं. मी मूर्ख होतो.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे, आधी मॅटचं बोल. तुझ्या अंगाखाली येणारं डाऊन वजनाने चपटं होतं, चपट्या डाऊनमध्ये हवा नाही, हवा नाही तर ऊब नाही, म्हणजे खालून तुला बॅग नाही, फक्त मॅट वाचवते. मॅटच्या उबेचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू. घडीची फोमची झी लाइट सोल २.० ची आहे, हवा भरायची निओएअर एक्सलाइट एनएक्सटी ४.५ ची आणि तीही ३७० ग्रॅमच्या आसपास. एकावर एक टाकल्या तर आकड्यांची चक्क बेरीज होते. तुझी मॅट कुठली?

सनीव्हेलहून

काका, डिंकाचे लाडू वाचून हसू की रडू कळेना. मॅट म्हणजे... कॅरीमॅट आहे, निळी, तीही पुण्याचीच. 😬

सॅन रमोनहून

मी तर म्हणतो बॅगच घेऊ नकोस, क्विल्ट घे. काकांनीच सांगितलं ना पाठीखालचं डाऊन वाया जातं, मग ते काढूनच टाकायचं, पाठीला उघडं, पट्ट्यांनी मॅटला अडकवायचं, डोक्याला वेगळी टोपी. एनलाइटन्ड इक्विपमेंटची वापरतो मी, मिनेसोटातली कंपनी, पाऊण किलोच्या आत येते. शेवटी काय, गोधडीच ती. आज्जी आपली हुशार होती.

फ्रीमाँटहून

गोधडी बरोबर रे दादा, पण तू लाकडासारखा सरळ झोपतोस, तंबूत तुझ्या शेजारी झोपलोय मी. कुशी बदलणाऱ्याने क्विल्ट घेतली की दर वेळी कडेची फट उघडते आणि गार हवा आत. पहिल्याच ट्रिपला, थंडी वाजणाऱ्या मुलीला, नको.

मिलपिटसहून

मी या ट्रिपला नाहीये पण आमच्या मुलाला स्काउटसाठी घ्यायची आहे म्हणून वाचत होते. माझा प्रश्न वेगळा आहे, डाऊन म्हणजे बदकाची नाहीतर हंसाचीच पिसं ना? माझ्या गळ्यात माळ आहे, घरात अंडंही येत नाही आणि मुलगा रात्रभर त्यात झोपणार. जिवंत पक्ष्यांची उपटतात असंही ऐकलंय. कोणी हसू नका, खरंच विचारतेय.

फ्रीमाँटहून

वहिनी, हसायचं काय त्यात, आमच्या आईने हाच प्रश्न विचारून माझ्या जॅकेटला महिनाभर हात लावला नव्हता. नेमकं सांगायचं तर पिसं नाहीत, पोटाकडची पिसांच्या खालची लव असते, काडी नसलेली, दव पडलेल्या कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. बहुतेक माल मांसासाठी पाळलेल्या बदकांचा आणि गूजचा, म्हणजे त्या धंद्यातलं उरलेलं. जिवंतपणी उपटणं आणि कोंबून खायला घालणं या दोन्हीला बंदी असलेलं आरडीएस नावाचं सर्टिफिकेट २०१४ पासून आहे, टॅगवर बघून घेता येतं. पण त्याने प्राणी मेला नाही असं होत नाही, तेव्हा माळेचं उत्तर मी देणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

सिंथेटिकमध्ये क्लायमाशील्ड एपेक्स भरलेल्या चांगल्या मिळतात. तेवढ्याच उबेला वजन जास्त, आणि दाबून दाबून काही वर्षांत फुगवटा कमी होतो, पण ओलं झालं तरी थोडीफार ऊब देतं आणि स्काउटची मुलं बॅग ओली करणारच. सह्याद्रीत पावसाळ्यात डाऊन नेणाऱ्याला तर मी वेडाच म्हणेन. सिएराची, म्हणजे योसेमिटीच्या डोंगरांची, हवा कोरडी म्हणून इथे चालतं.

मिलपिटसहून

मग सिंथेटिकच. मनाला रुखरुख नको. धन्यवाद भाऊजी.

कार्यकारिणीकडून

स्लीपिंग बॅगच्या धाग्यात एवढे मेल आले, छान आहे. गणपतीच्या व्हॉलंटियरसाठी दोन आठवड्यांपूर्वी मेल टाकला होता त्याला आजपर्यंत एक उत्तर आलंय आणि तेही "मी गावाला आहे" असं. मखर उचलायला चार माणसं लागतात. असो.

सनीव्हेलहून

मखराला मी येते, लिहून घ्या!

काका, तुमचं वाचून काल परत गेले. या वेळी दोन बॅगा नीट बघितल्या, लेबलं वाचली. एक स्वस्त होती, तिला वरून आतपर्यंत आरपार शिवण मारलेली, हात फिरवला तर शिवणीवर नुसतं कापड हाताला लागतं, डाऊन काहीच नाही. दुसरी आत जाळीच्या भिंती असलेली, ती शिवणीवरही फुगलेली. हीच भानगड ना? आणि बायकांच्या बॅगा वेगळ्या असतात तेही दिसलं, खांद्याला अरुंद, पायाकडे जास्त भरलेल्या. पण कम्फर्ट वीसच्या आसपास असलेली, एक किलोच्या आत, तीनशेत काही मिळाली नाही, सगळ्या चारशेच्या पुढे.

फ्रीमाँटहून

हीच भानगड, शाब्बास. आरपार शिवण उन्हाळ्याला आणि समुद्रकिनाऱ्याला ठीक, नऊ हजार फुटांवर प्रत्येक शिवणीतून ऊब जाते. आणि तीनशेत मिळणार नाही हे मला माहीत होतं पण तुझं तू बघावंस असं वाटलं.

तेव्हा असं कर. त्या तीनशेत आत्ता फक्त मॅट घे, चारच्या वर आर-व्हॅल्यूची, उरलेले ठेव. निळी कॅरीमॅटही आण, खाली टाकायला होते, शिवाय हवेच्या मॅटला काटा लागला तर तीच आधार. बॅग आमच्या हिची घेऊन जा, वेस्टर्न माउंटेनियरिंगची अल्ट्रालाइट, आपल्या सॅन होजेतलीच कंपनी, २० ची आहे आणि वजन ८२० ग्रॅमच्या आसपास. तिचे गुडघे बोलायला लागल्यापासून कपाटात लटकलीय. या बॅगेच्या आडव्या कप्प्यांमध्ये वरची आणि खालची बाजू तोडणारी भिंत नाही, त्यामुळे झोपायच्या आधी हाताने थोपटत थोपटत खालच्या बाजूचं डाऊन वर ढकलायचं, अंगाखाली तसंही काही कामाचं नाही. एक रात्र झोप, मग ठरव तुला किती लागते, मग पैसे घाल.

झोपायच्या अर्धा तास आधी तंबूत बॅग झटकून पसरून ठेव, फुगायला वेळ लागतो. कोरडे मोजे फक्त झोपायला म्हणून वेगळे. नॅल्जीनच्या बाटलीत उकळतं पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून मांड्यांमध्ये. शेंगदाण्याचा लाडू खाऊन झोप, पोटात काही असलं की आतून शेगडी चालू राहते. आणि लघवीला लागली तर आळस न करता उठायचं, धरून ठेवलं की झोप लागत नाही. बॅगच्या आत तोंड घालून श्वास सोडू नकोस, सगळी वाफ डाऊनमध्ये जाते. तंबू या वेळी पाण्याच्या वरच्या बाजूला झाडांत लावू, पाणी आणायला मी जातो.

सनीव्हेलहून

काकूंची बॅग?? काका मला भीती वाटते, फाटली तर? कधी आणि कुठे घेऊ?

फ्रीमाँटहून

शनिवारी मराठी शाळेच्या पार्किंगला, साडेनऊला, मोठ्या सुती पिशवीत असेल. घरी त्याच पिशवीत ठेव, छोट्या पिशवीत कोंबायची ती फक्त सॅक भरताना.

परत देताना धुऊ नकोस, कितीही मळली तरी. मागे एकाने प्रेमाने धुऊन दिली, ओली असताना एका टोकाला धरून उचलली, आतल्या जाळ्या टराटरा फाटल्या आणि सगळं डाऊन पायाशी. धुवायचं मी बघतो, फ्रंट लोडर वॉशिंग मशीन, डाऊनचा साबण, मग मंद ड्रायरवर तीन-चार टेनिस बॉल टाकून अर्धा दिवस. बॉल मात्र आण, आमचे कुत्र्याने नेले.